डब्यातला जिवखडा

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात पाट टाकून बसते आणि अण्णांचा डबा उघडते. अण्णा म्हणजे माझे वडील. डबा म्हणजे रंगाचा जुना पत्र्याचा डबा, लिटरभराचा, आतून स्कूटरच्या ट्यूबचं रबर चिकटवलेला. त्याच्यावरचं कंपनीचं नाव रुळांवर फिरून फिरून कधीच पुसलं गेलं. झाकणाचे तीन नट सोडवले की आधी वास येतो. ओल्या पाटीचा, थोडा लोखंडाचा, आणि विहिरीत वाकून बघितल्यावर नाकाला लागतो तसा गार. मग राखाडी गाळ दिसतो. मी त्यात हात घालते, एकेक दगड काढून परातीत ठेवते, नळाखाली धुते आणि मोजते. बारा असतात. आज तेरा निघाले.

एक फुटला होता. बरोबर मधून, सुपारी कातरल्यासारखा. त्याची धार माझ्या बोटाला लागली तेव्हा कळलं.

अण्णांचा नियम होता, की फुटका दगड डब्यात ठेवायचा नाही. त्याची धार बाकीच्यांना ओरखडते, म्हणून तो काढायचा आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे फेकायचा. नियम सोपा आहे आणि मी तो आठ वर्षांची असल्यापासून पाळत आलेय. पण या बारा दगडांपैकी एक दगड अण्णांचा जिवखडा आहे. कोणता, ते मला माहीत नाही. त्यामुळे दोन तुकडे तळहातावर घेऊन मी बराच वेळ नुसती बसून राहिले, आणि नळ तसाच वाहत राहिला.

मी दुसरीत असताना अण्णांनी दगड घासून चकचकीत करायचं हे मशीन बनवलं. ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि फिटरच्या घरात बंद पडलेली वस्तू कधी भंगारात जात नाही, तिचं दुसरं काहीतरी होतं. बंद पडलेल्या कूलरची मोटर होती. दोन लोखंडी रूळ त्यांनी कुठूनतरी पैदा केले. अडलं ते पट्ट्यावाचून. मग एका दुपारी आई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती, तेवढ्यात अण्णांनी तिच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा काढला. आई खाली आली तेव्हा मागच्या अंगणात डबा गरगर फिरत होता, आत दगड आपटत होते, आणि माझा अर्धा शिवलेला फ्रॉक सुईखाली तसाच अडकलेला होता. तिने त्याच दिवशी डब्याचं नाव ठेवलं, सवत. माझ्याच पट्ट्यावर माझ्याच अंगणात नाचते, म्हणायची.

तेव्हाचं इंदिरानगर आताच्यासारखं नव्हतं. आमच्या रांगेतल्या सहा घरांमागे मोकळं रान होतं, आणि संध्याकाळी तिकडून कोथिंबिरीच्या वाफ्यांचा वास यायचा. त्या मोकळ्या शांततेत डब्याचा आवाज चार घरांपर्यंत जायचा. घर्रर्र, खळ्ळ, घर्रर्र, खळ्ळ. एकदा लावला की महिनाभर रात्रंदिवस. शेजारच्या काकू सुरुवातीला तक्रार घेऊन यायच्या, मग चहा घेऊन जायला लागल्या, आणि शेवटी त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांना त्याच सांगायच्या, काही नाही हो, शेजाऱ्यांचे दगड आहेत.

आई इगतपुरीची. तिच्या माहेरी चार-चार महिने पत्र्यावर पाऊस वाजत राहतो आणि माणसं त्याच्यावर आवाज चढवून बोलतात. म्हणून असेल, ती सवतीला शिव्या देता देता तिच्या आवाजावर दुपारची डुलकी काढायला लागली. वीज गेली आणि डबा थांबला की कणकेचे हात घेऊन बाहेर यायची. डबा मुद्दाम बंद ठेवला जायचा तो एकाच कारणाने, अण्णा बाहेरगावी गेले तर. दोन दिवसांआड झाकण सैल करून आत साठलेली हवा सोडावी लागते, पाणी बघावं लागतं, आणि ते काम अण्णा दुसऱ्या कोणाला करू द्यायचे नाहीत. त्यामुळे आईचा हिशोब साधा झाला होता. डबा वाजतोय म्हणजे हे गावात आहेत, संध्याकाळी जेवायला घरी येणार.

दगड सिन्नरहून यायचे. एसटीने सिन्नर, तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन पुढे सात-आठ मैल, आणि मग पायी, अण्णांचे चुलतभाऊ नानाकाका यांच्या मळ्यापर्यंत. त्या वर्षांत तिकडे जो तो विहीर खोदत होता. सुरुंग लावून काढलेल्या काळ्या दगडाचे ढीग विहिरीच्या काठावर पडलेले असायचे, अजून दारूच्या वासाचे. त्या काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या असायच्या आणि पोकळ्यांत गारगोट्या. काही दुधासारख्या, काही पाण्यात दूध पडल्यासारख्या, एखादीत आत गेलेली फिकट निळी रेघ. शेतकऱ्याला त्यांची कटकटच. औताला लागतात, पायाला लागतात. नानाकाका कमरेवर हात ठेवून वर उभे राहायचे आणि म्हणायचे, लोकं आमच्याकडून कांदे नेत्यात, आमचा अण्णा दगडं नेतो. काकू मला ठेचा नसलेली भाकरी वेगळी द्यायची. मी ती खात खात फ्रॉकच्या ओच्यात दगड गोळा करायचे, आणि उन्हात तापलेल्या त्या दगडांनी मांड्या चटचट भाजायच्या.

कोरड्या दगडाचा रंग दिसत नाही. धुळीने सगळे सारखेच करडे असतात. म्हणून अण्णा दगड उचलायचे, अंगठ्याने पुसायचे आणि जिभेला लावायचे. ओला झाला की क्षणभर तो आपला खरा रंग दाखवायचा, मग वाऱ्याने पुन्हा करडा व्हायचा. तेवढ्या क्षणात ठरवायचं, घ्यायचा का टाकायचा. मीही चाटायचे. मला अजून त्या चवी आठवतात. ओढ्यातला दगड फिका लागायचा, विहिरीतला थोडा खारट, आणि सुरुंगाने फुटलेला जिभेवर काडेपेटीसारखा. आईला हे बघवायचं नाही. देवापुढे यांची जीभ हलत नाही, म्हणायची, दगडाला मात्र लगेच लागते, आणि पोरीलाही तेच शिकवलंय.

काळा दगड अण्णा उचलायचे नाहीत. मी एकदा खूप गोल, खूप देखणा एक काळा दगड आणला होता. त्यांनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि परत ठेवला. काळा दगड पॉलिश घेत नाय, म्हणाले, त्याला ऱ्हाऊ दे, तो घरं बांधायला हाय. तेव्हापासून माझा डोळाच तसा झाला. जमिनीकडे बघितलं की काळं आपोआप गळून जायचं आणि पांढरं दिसायचं. चप्पल घालून रस्त्याने चालतानासुद्धा.

घरी आणलेले दगड मागच्या नळाजवळच्या कट्ट्यावर पडून राहायचे, आपला नंबर येईपर्यंत. नंबर हा शब्द आमच्या घरात दगडांपासूनच आला. पहिली पावडर ऐंशी नंबर, काळी, चमचमणारी, रविवार कारंजावरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली. दगड जेमतेम बुडतील इतकं पाणी आणि दोन चमचे पावडर. ती आठ दिवसांत दगडाचे कोपरे खाऊन टाकते. मग दोनशेवीस नंबर, मग पाचशे, आणि शेवटी आरसेवाल्याकडची पांढरी पावडर, जी बोटावर घेतली तर आहे की नाही तेही कळत नाही. पावडर बदलली की आवाज बदलायचा. ऐंशीला डबा भांडत असायचा. पाचशेला कुरकुरायचा. शेवटच्या आठवड्यात आतून तांदूळ धुतल्यासारखा आवाज यायचा, आणि आई म्हणायची, आली वाटतं सवत वळणावर.

एक पावडर काढून दुसरी घालायच्या आधी सगळं धुवायचं. डबा, झाकण, प्रत्येक दगड, जुन्या टूथब्रशने. ऐंशीचा एक कण पाचशेत गेला तर सगळ्या दगडांवर ओरखडे. म्हणून अण्णा आधी माझी नखं कापायचे. पाटावर बसवून, एकेक बोट धरून, अगदी मुळापर्यंत. नखात एक कण ऱ्हायला तर म्हैनाभराची माती, असं म्हणत. मला दुखायचं, पण हात आत घालायला मिळणार म्हणून मी गप्प बसायचे. गाळ मोरीत ओतायचा नाही, तो सिमेंटसारखा बसतो. तो शेवग्याच्या बुंध्याशी ओतायचा. वर्षानुवर्षं ओतून तिथे राखाडी ओटाच तयार झालाय, शेवगा वाळून गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

दिवाळीला तयार दगड बाहेर यायचे. आई पितळेच्या परातीत पाणी घ्यायची, त्यात ते सोडायची आणि काठाने पणत्या मांडायची. पाण्यातले ते दगड कायम जिभेला लावल्यासारखे दिसायचे, आपला खरा रंग न लपवता. शेजारी फराळाची ताटं जायची, तेव्हा प्रत्येक ताटात लाडवाजवळ एक दगड ठेवायचा, हा अण्णांचा हट्ट. पलीकडच्या आजोबांनी एका वर्षी तो खडीसाखर समजून तोंडात टाकला आणि त्यांची कवळी तडकली. पुढे कितीतरी दिवाळ्या ते ताट घेताना आधी विचारायचे, यात खायचं काय आहे ते दाखव बाई.

मग मी मोठी झाले, यात विशेष काही नाही. नखं वाढवली, रंगवली. दगडांची लाज वाटायला लागली. लग्न होऊन पुण्याला गेले, ते मोडलं, परत आले, आणि पाथर्डी फाट्यावरच्या एका मेडिकलमध्ये काउंटरला उभी राहिले. या सगळ्यात डबा फिरत होता. मी परत आले त्या रात्री अण्णांनी काही विचारलं नाही. सकाळी नळाजवळ पाट मांडला, नेलकटर ठेवला आणि म्हणाले, ये, दोनशेवीस काढायचीये. मी हात पुढे केले. तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं.

आईचं विसरणं हळूहळू सुरू झालं. आधी कुकरच्या शिट्ट्या, मग नावं, मग शेजारच्या काकू वारल्या आहेत हे. अण्णा न रागावता पुन्हा पुन्हा सांगायचे. ती कावरीबावरी झाली की तिला डब्याजवळ खुर्ची टाकून द्यायचे. ती ऐकत बसायची आणि निवायची. तिला सगळ्यात शेवटपर्यंत काय आठवणार आहे, ते तेव्हाच दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी अण्णांनी रिकामा डबा धुऊन उन्हात पालथा घातला, नवीन अकरा दगड निवडून बादलीत भिजत घातले, आणि त्या संध्याकाळी ते नव्हते.

मी एकुलती एक, त्यामुळे मडकं माझ्या खांद्यावर आलं. अमरधाममध्ये गुरुजी म्हणाले, एक दगड उचला ताई, हाताशी येईल तो. त्या दगडाने मडक्याला भोक पाडायचं असतं, आणि मग तोच जपायचा असतो. पोथीत त्याला अश्मा म्हणतात, आमच्याकडे जिवखडा. दहा दिवस गेलेलं माणूस त्या दगडाच्या आधाराने राहतं, त्याच्यावरच पाणी घालायचं, आणि दहाव्या दिवशी त्याला गंगेत सोडून द्यायचं. मग माणूस सुटतं. नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि माणसं सुटण्यासाठी लांबून लांबून तिच्या काठी येतात. आम्हाला तर ती रिक्षाच्या अंतरावर.

भोवती सगळे काळे दगड होते. ढिगाने होते. त्यातला कुठलाही चालला असता. पण माझ्या डोळ्याला काळं दिसतच नाही. राखेत अर्धी रुतलेली एक पांढरट गारगोटी होती, लिंबाएवढी, आणि माझा हात सरळ तिच्याकडे गेला. मी अंगठ्याने माती पुसली. आणि मग, चिता समोर, माणसं मागे, मडकं खांद्यावर, मी तो दगड जिभेपर्यंत नेला.

"ताई, काय करताय?" गुरुजींनी माझं मनगट धरलं. नानाकाका दुसरीकडे बघायला लागले. त्यांना कळलं होतं.

मी त्या वेळी काळा दगड उचलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे मी स्वतःला रोज सांगते, आणि रोज त्याचा काही उपयोग होत नाही.

जिवखडा घरात ठेवायचा नाही असं सांगितलं होतं. मी तो पांढऱ्या फडक्यात बांधून स्टीलच्या वाटीत घातला आणि मागे नळाजवळच्या कट्ट्यावर ठेवला. दगड आपल्या घरात जिथे ठेवतात तिथे. त्यात मला काही वेगळं वाटलंच नाही.

घरात माणसं येत-जात होती. आईला आम्ही सांगितलं, ती खूप रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं की हे अजून उठले कसे नाहीत. पुन्हा सांगितलं, पुन्हा रडली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत जमिनीवर पडले होते आणि मला झोप लागली, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. डोळे मिटताना डब्याचा आवाज येत होता. घर्रर्र, खळ्ळ. मला इतकं बरं वाटलं, की तो कोणी लावला हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. घरातल्या कोणाच्याच आलं नाही. त्या घरात तो आवाज नसता तरच कोणीतरी मान वर केली असती. आई त्या दिवसापासून शांत झाली. आम्हाला वाटलं, पचवलं तिने. रोज सकाळी मी कट्ट्याशी उभी राहून वाटीतल्या फडक्यावर पाणी घालत होते, न सोडता. दहा दिवस फडकं सोडायचं नसतं.

दहाव्या दिवशी सकाळी गंगेवर जायला गाडी येऊन उभी राहिली. मी वाटी उचलली आणि ती हलकी लागली. आत फडकंच होतं. नीट घड्या घालून वर पुन्हा गाठ मारलेलं, वरून तसंच दिसणारं, आई बांधते तसं.

मी आईला विचारलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"तो पांढरा ना? टाकला की डब्यात," ती म्हणाली. "किती दिवस पडला होता बिचारा कट्ट्यावर. यांच्या लक्षातच नाही. बादलीतले पण टाकले. पाणी दगड बुडतील एवढं, दोन चमचे ऐंशी नंबर. बरोबर ना?"

तीस वर्षांत तिने त्या डब्याला हात लावला नव्हता. सगळं बरोबर केलं होतं.

मी बटण बंद केलं, नट सोडवले. गाळातून बारा दगड निघाले. सहा दिवस ऐंशी नंबर चालली होती, कोपरे गेले होते, सगळे एकाच अंगाने गोल झाले होते. मी ते धुतले, परातीत ओळीने मांडले, उन्हात धरले. मग एकेक करून जिभेला लावले, बाराच्या बारा. सगळ्यांची चव एकच होती, पावडरीची. राखेची चव कुठेच नव्हती. नानाकाका माझ्यामागे उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"उचल कोणताबी एक," ते म्हणाले. "कोण बघाया बसलंय?"

मला जमलं नाही. चुकीचा उचलला तर अण्णांनी शेवटचा निवडलेला दगड गंगेत जाणार, आणि अण्णा डब्यात राहणार. गुरुजींना फोन केला. ते समजूतदार होते. म्हणाले, हरवला तर दुसरा घेता येतो, शास्त्रात सोय आहे, चार मंत्र जास्त म्हणू. मी घाटावरचा एक काळा दगड उचलला. त्याच्यावर तीळ-पाणी घातलं, आणि वेळ झाली तसा सोडला. त्याआधी पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला. माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा थांबतो, घरचे हात जोडून म्हणतात, आम्ही बघू सगळं, काळजी करू नका. आम्हाला हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. सुटला बघ अण्णा, नानाकाका म्हणाले आणि डोळे पुसले. तो काळा दगड कोणाचा होता देव जाणे, तो सुटला असेल.

लोक म्हणतील, बाराही गंगेत सोडायचे होते. मीही तेच म्हणाले. डबा बंद केला, बारा दगड पिशवीत बांधून दाराशी ठेवले, रविवारी जाऊ म्हणून. त्या संध्याकाळी आई फाटकापाशी जाऊन उभी राहिली. डबा बंद आहे, हे कुठे गेलेत, तिने विचारलं. मी सांगितलं. ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडली, भिंतीला धरून, कारण तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा फाटक, पुन्हा तेच. चार संध्याकाळी मी माझ्या आईला विधवा केलं. पाचव्या संध्याकाळी मी पिशवी सोडली, दगड डब्यात टाकले, पाणी घातलं आणि बटण दाबलं. ती फाटकापासून परत आली, हात धुतले, आणि म्हणाली, तांदूळ जरा जास्त घेते, भूक लागली असेल यांना.

दुसरे दगड घालूनही डबा वाजला असता, हे मला कळतं. आईचं निमित्त आहे. पिशवी घेऊन मी एकदा खरंच गंगेवर गेले होते. पायरीवर बसले. एकाला सोडायचं तर अकरा फेकायचे, आणि ते अकरा त्यांनी त्या शेवटच्या सकाळी एकेक करून चाटून निवडलेले. तासाभराने तशीच परत आले. मला अण्णा सुटायला नको आहेत. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

पावडर मी घालत नाही. नुसतं पाणी. तरी दगड दगडाला झिजवतोच. लिंबाएवढे होते ते आता सुपारीएवढे झालेत, आणि डब्यात जागा झाल्यामुळे एकमेकांवर जोरात आपटतात, म्हणून आज एक फुटला. महिन्याचा गाळ मी शेवग्याच्या खुंटाशी ओतते. बाराव्या हिश्श्याने त्यात अण्णा असतात. नानाकाकांना विचारलं होतं, मळ्यात अजून गारगोट्या निघतात का, सोबतीला घालायला. ते म्हणाले, विहिरी कोण खोदतंय आता बाय, बोअर मारत्यात, त्याच्यातून दगड येत नाय, नुसतं पीठ येतं.

आज दोन तुकडे हातात घेऊन मी बसले होते, तेव्हा आई दारात आली. डबा थांबला की ती येतेच. ती मला हल्ली ओळखत नाही. कामाला येणारी बाई समजते, आणि तशी चांगली वागवते.

"आवाज हलका झाला होता," ती म्हणाली. "दगड संपत आले वाटतं."

मी म्हटलं, हो.

"मग यांना सांगा, रविवारी सिन्नरला जाऊन या म्हणावं. आणि पोरीला न्यायची तर लक्ष ठेवा तिच्यावर. दिसेल तो दगड तोंडात घालते."

"सांगते," मी म्हणाले.

ती वाट बघत उभी राहिली. मी दोन्ही तुकडे धुतले आणि बाकीच्या अकरांबरोबर डब्यात टाकले. ते आता सगळ्यांना ओरखडत राहतील. पाणी घातलं, झाकणाचे तीन नट आवळले, डबा रुळांवर ठेवला आणि बटण दाबलं.

आईने थोडा वेळ कान दिला. "हां," म्हणाली, आणि तांदूळ मोजायला आत गेली.